उमेदवारीचं एक वर्ष

बेळगाव, निपाणी, चिकोडी, अथणी या आमच्या पट्ट्यात आता असं घर शोधूनच काढावं लागेल, जिथली एकही लेक किंवा नात बेंगळूरला, पुण्याला नाहीतर हैदराबादला नोकरीला गेलेली नाही. रात्री राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये बसवून द्यायचं, सकाळी ‘पोचले गं आई’ म्हणून फोन येतो. घरातले प्रश्न ठरलेले. राहणार कुठं? खोलीत सोबत कोण? कांदा-बटाटा नसलेला डबा मिळतो का? सूर्य मावळायच्या आत चार घास खायला वेळ देतात का? आणि सगळ्यात शेवटी, आवाज जरा खाली आणून, मग स्थळं बघायची कधी? पगार सगळे विचारतात. पोर तिथं नेमकं काय काम करते, हे मात्र फार थोडे विचारतात.

या प्रश्नांचा मला राग नाही. त्यांच्यामागं शंभर-सव्वाशे वर्षांचा अनुभव आहे. मुलगा शिकायला परगावी निघाला तेव्हा आपल्या समाजानं त्याची सोय आधी केली. सेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी मुंबईत जैन विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढलं. १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली आणि पुढं कोल्हापूर, सांगली, बेळगाव अशी ठिकठिकाणी बोर्डिंगं उभी राहिली. खेड्यातला, शेतकऱ्याचा मुलगा ट्रंक घेऊन यायचा; दोन वेळचं जेवण, सकाळी मंदिर, रात्री अभ्यास. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या बोर्डिंगात राहिलेले. त्या बोर्डिंगांनी आपल्याला वकील दिले, मास्तर दिले, इंजिनियर दिले. हे ऋण मोठं आहे.

मुलींसाठी काय होतं? माणिकचंदांची मुलगी मगनबाई ऐन तारुण्यात विधवा झाली. वडिलांनी तिला कोपऱ्यात बसवलं नाही, शिकवलं. आणि तिनं पुढं मुंबईचं श्राविकाश्रम चालवलं. सोलापुरात पंडिता सुमतीबाई शहांनी श्राविका संस्थेत आयुष्य घातलं. या बायकांपुढं मान आपोआप खाली जाते. पण नीट बघितलं तर लक्षात येतं, की हे आश्रम ज्यांच्यावर काही ओढवलं होतं त्यांच्यासाठी होते. नवरा गेला, सासरनं टाकलं, आधार नाही, अशा बाईनं शिकावं, शिक्षिका व्हावं, पायावर उभं राहावं. ज्या मुलीवर काहीच ओढवलेलं नाही, जी नुसती हुशार आहे, जिला एक ठरावीक काम करायचंय आणि ते काम दुसऱ्या शहरात आहे, तिच्यासाठी कुणी इमारत बांधली नव्हती. कारण अशी मुलगी असू शकते हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं. हे आपल्याच समाजाचं नाही, सगळ्या समाजांचं तसंच.

तरी अशा मुली होत्या. डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेहून परतल्या त्या कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातली नेमणूक घेऊनच. ती जागा त्यांना बघायला मिळाली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. डॉ. रखमाबाई लंडनहून डॉक्टर होऊन आल्या आणि मुंबई सोडून सुरतेला, पुढं राजकोटला राहिल्या. सगळी नोकरी परमुलखात केली. या दोघींविषयी आपण वाचत आलो आहोत. मला सांगायचंय ते तिसरीविषयी, जिचं नाव आपल्या महिला मंडळांत फारसं निघत नाही.

कमला भागवत. जन्म इंदूरचा, १९११. दुर्गा भागवतांची धाकटी बहीण. नंतर त्या डॉ. कमला सोहोनी म्हणून ओळखल्या गेल्या, पण इथं सुरुवातीला मी तिला नुसतं कमला म्हणणार, कारण गोष्ट सुरू होते तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि तिला ‘बाई’ म्हणणारं कुणी नव्हतं.

वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघंही रसायनशास्त्राचे, आणि दोघंही बेंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटचे अगदी सुरुवातीचे विद्यार्थी. आज जिला आपण इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स म्हणतो तीच ही संस्था. म्हणजे या घरात बेंगळूर हे लांबचं, अनोळखी गाव नव्हतं. आपल्याकडं मुलगा बापाच्या पेढीवर बसतो, तसं कमलेला वाटायचं की आपणही तिथंच जाणार. १९३३ साली ती मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. झाली, रसायन हा मुख्य विषय, आणि पहिली आली. अर्ज केला. गुणांच्या यादीत वर नाव असल्यावर प्रवेश मिळणारच, यात तिला शंका नव्हती.

नकार आला. संस्थेचे संचालक म्हणून सी. व्ही. रामन त्याच वर्षी तिथं आले होते. तीन वर्षांपूर्वी नोबेल मिळालेलं, देशभर नाव. त्यांचं म्हणणं सरळ होतं : माझ्या संस्थेत मुली घेणार नाही. वडील बोलले, काका बोलले; दोघंही त्याच संस्थेचे जुने विद्यार्थी. उत्तर बदललं नाही.

इथं आपण क्षणभर थांबू या. बहुतेक घरांत इथं गोष्ट संपते. संपवणारे वाईट नसतात. ‘एवढे मोठे गृहस्थ नाही म्हणतात, तर असेल काही कारण. मुंबईत शाळेत जागा आहे, घरापासून जवळ आहे.’ असं प्रेमानंच म्हणतात. भागवतांच्या घरात तसं म्हटलं गेलं नाही, निदान ते टिकलं नाही, कारण कमला स्वतः बेंगळूरला गेली आणि रामनसमोर उभी राहिली. मुलगी म्हणून का नाही, याचं कारण तिनं मागितलं. मी हा अभ्यासक्रम विशेष गुण घेऊन पुरा करून दाखवीन, असं सांगितलं. ती त्यांच्या कचेरीबाहेर सत्याग्रहाला बसली होती, असंही सांगतात. तिची कॉलेजची वर्षं म्हणजे मिठाच्या सत्याग्रहाचा काळ. मुंबईच्या रस्त्यावर बायका उतरलेल्या तिनं पाहिल्या होत्या. तेव्हा हा मार्ग तिला सुचला असला तर नवल नाही.

शेवटी रामननी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिलं वर्ष उमेदवारीचं, रीतसर विद्यार्थी म्हणून नाही. मार्गदर्शक सांगतील तितका वेळ, रात्रीसुद्धा, काम करायचं. कामाचा दर्जा पटला तरच ते मान्य होणार. आणि तिच्या असण्यानं प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये, म्हणजे पुरुषांचं लक्ष विचलित होता कामा नये.

ही शेवटची अट वाचताना मला आपल्या घरातलं वाक्य आठवतं : ‘तू नीट वाग, म्हणजे कुणी काही बोलणार नाही.’ ज्यांचं लक्ष विचलित होणार त्यांना अट नाही. जिच्यामुळं होईल असं वाटतं तिला अट. दुसऱ्याच्या नजरेचा हिशेब बाईनं ठेवायचा. नोबेल मिळालेला माणूस आणि आमच्या गल्लीतली आजी या एका बाबतीत एकाच शाळेत शिकलेली दिसतात.

कमलेनं अटी मान्य केल्या. हे बरोबर केलं का? आजच्या मुली म्हणतील, अशी अट मान्यच कशाला करायची. मला वाटतं, तिला ते काम हवं होतं. अपमान आणि काम या दोन्ही गोष्टी एकाच दारातून आत येत होत्या, आणि तिनं काम घेतलं. अपमान तिनं गिळून टाकला असं मात्र नाही. पुढं कितीतरी वर्षांनी, मुंबईत वैज्ञानिक स्त्रियांनी तिचा सत्कार केला, तेव्हा तिनं ते सगळं बोलून दाखवलं : रामन थोर शास्त्रज्ञ खरे, पण मनानं फार संकुचित, आणि तो अपमान आपण कधी विसरलो नाही. आयुष्यभर यश मिळवूनही तिनं त्या प्रसंगाला ‘जाऊ दे, झालं ते झालं’ म्हटलं नाही. क्षमा हा आपला मोठा धर्म आहे, दरवर्षी आपण क्षमावणी करतो, सगळ्या जिवांना क्षमा करतो आणि मागतो. पण क्षमा करणं वेगळं आणि झालंच नाही असं म्हणणं वेगळं.

बेंगळूरमध्ये तिला मार्गदर्शक भेटले ते श्रीनिवासय्या. कडक माणूस, पण शिकवणारा. दुधातली, डाळीतली, कडधान्यांतली प्रथिनं हा तिचा विषय ठरला. ज्या देशात बहुतेकांना प्रथिन मिळतं ते डाळीतूनच, त्या देशात डाळीकडं प्रयोगशाळेनं बघणं म्हणजे आपल्या चुलीकडंच बघणं. वर्ष संपलं. रामनना काम पटलं, उमेदवारी संपली, तिला रीतसर संशोधनाला घेतलं. आणि त्यानंतर त्या संस्थेचं दार दुसऱ्या मुलींनाही उघडलं. १९३६ साली तिनं आपलं संशोधन मुंबई विद्यापीठाला सादर करून एम. एस्सी. मिळवली.

दार उघडलं म्हणजे सगळं सरळ झालं असं समजू नका. १९४० मध्ये अॅना मणी ही केरळची मुलगी रामनच्याच प्रयोगशाळेत आली, हिरे-माणकांच्या प्रकाशगुणांवर तिनं काम केलं, प्रबंध लिहिला. पण तिच्याकडं एम. एस्सी. नाही म्हणून मद्रास विद्यापीठानं तिला डॉक्टरेट दिली नाही. तिला पदार्थविज्ञान करायचं होतं. शिष्यवृत्ती मिळाली ती हवामानाच्या उपकरणांची. ती लंडनला जाऊन तेच शिकली, आणि १९४८ साली आपल्या पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाली. पाच-सहा वर्षांत तिच्या हाताखाली शंभरावर पुरुष काम करत होते. पाऊस मोजायचं, वारा मोजायचं यंत्र परदेशातून आणायचं कशाला, म्हणून तिनं ती इथंच बनवायला लावली. हवं ते काम मिळालं नाही. मिळालं ते तिनं असं केलं की पुढं ते दुसऱ्या कुणाचं वाटेना.

कमला तिकडं केंब्रिजला गेली, १९३७ मध्ये. सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी नोबेल मिळालेले तेच हॉपकिन्स. प्रयोगशाळेत जागा शिल्लक नव्हती. तेव्हा डेरेक रिक्टर नावाच्या संशोधकानं आपलं टेबल तिला दिवसा वापरायला दिलं, आपण रात्री काम करीन म्हणाला. बेंगळूरला आत येण्यासाठी अटी, आणि इथं एक परका माणूस आपल्या झोपेची वेळ बदलतो. माणसामाणसांत एवढा फरक असतो. त्यासाठी देश गोरा की काळा हे बघायचं कारण नाही. दाराशी कोण उभा आहे यावर बरंच अवलंबून असतं.

नंतर तिनं रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींवर काम केलं. पेशी श्वास घेते म्हणजे आत काय होतं, हा प्रश्न. सायटोक्रोम-सी नावाचं, लोह असलेलं एक प्रथिन त्या श्वसनात भाग घेतं, हे प्राण्यांत माहीत होतं. कमलेला ते वनस्पतीच्या पेशीत सापडलं. कशात? तर बटाट्यात.

आता आपल्यातले काही हसतील. बटाटा म्हणजे अनंतकाय, त्यात जीव आहे हे आम्हाला सांगायला केंब्रिजला कशाला जायला पाहिजे, असं आमच्या घरातले एक काका नक्की म्हणाले असते. गंमत म्हणून ठीक आहे. पण ‘सगळं आमच्या शास्त्रात आधीच होतं’ म्हणून टाळ्या घेण्याचा मोह टाळावा. आपल्या आचार्यांनी सांगितलं ते जीवदयेसाठी. कमलेनं शोधलं ते पेशीचं काम समजून घेण्यासाठी. दोन्हींचा मान आपापल्या जागी राहू द्या.

त्या शोधावरचा तिचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. १९३९ मध्ये तिला डॉक्टरेट मिळाली. विज्ञानात पीएच. डी. मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांत तिची गणना होते. तिकडं राहता आलं असतं. ती परत आली.

इथून पुढं तिला कमलाबाई म्हणायला हरकत नाही, कारण नोकरी लागली. दिल्लीला, लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात, मुलींच्याच कॉलेजात, नव्यानं उघडलेल्या जीवरसायन विभागाच्या प्रमुख म्हणून. अठ्ठावीस वर्षांच्या, एकट्या. तिथून निलगिरीत कुन्नूरला, न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीत सहायक संचालक म्हणून. हैदराबादच्या मैत्रिणींनी लक्षात घ्यावं, तुमच्या तारनाक्यातली राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच. १९५८ मध्ये ती कुन्नूरहून हैदराबादला आली. कुन्नूरला त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केलं, लेख प्रसिद्ध केले. पण वर जाण्याचा रस्ता तिथं दिसेना. तेव्हा त्यांनी राजीनामा दिला.

लोक अशा वेळी म्हणतात, एवढी धडपड करून मिळवलेली नोकरी सोडली? माझ्या मते, जिला बेंगळूरच्या दारात उभं राहता आलं तिलाच कुन्नूरच्या दारातून बाहेर पडता येतं. मनासारखं काम एकदा मिळालं की ते जन्मभर पुरतं अशी आपली समजूत असते, लग्नासारखीच. तसं नसतं. मन वाढतं, जागा तेवढीच राहते.

१९४७ साली माधवराव सोहोनी यांच्याशी त्यांचं लग्न झालं. पस्तिशी उलटली होती. मी मुद्दाम लिहिते, कारण पंचविशीच्या मुलीला ‘वय निघून चाललं’ म्हणून परत बोलावणारी पत्रं आपल्यात अजून जातात, आता व्हॉट्सअॅपवर जातात एवढंच. लग्नानंतर त्या मुंबईला आल्या आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनाच्या प्राध्यापक झाल्या.

आपल्या स्वयंपाकघराशी त्यांचं खरं नातं इथं जुळलं. कच्च्या कडधान्यांत प्रथिन पचू न देणारे काही घटक असतात. वाल-पावट्यातले हे घटक त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वेगळे करून तपासले. उष्णतेनं त्यांचा जोर बराचसा मोडतो. भिजवून, शिजवून, मग खायची ही आपली जुनी रीत म्हणूनच पोटाला मानवते. ज्या घरात चातुर्मासात पालेभाजी बंद होते, पर्युषणात हिरवं काही ताटात येत नाही, त्या घराला डाळ हाच आधार. आपण द्विदळ पाळतो, दह्यात काय घालायचं काय नाही हे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतो. पण डाळीच्या आत काय आहे हे बघण्यात एका बाईनं आयुष्याची वर्षं घातली, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही.

दुसरं काम नीरेचं. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी सुचवल्यावरून त्यांनी नीरा तपासायला घेतली. जीवनसत्त्वं आणि लोह त्यात चांगलं आहे, आणि ताडगुळातही ते टिकून राहतं, असं दिसलं. आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना आणि गरोदर बायकांना स्वस्तात देता येईल असा पूरक आहार म्हणून त्यांनी तिचा पाठपुरावा केला. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. नीरा आपल्यात चालत नाही, तो मुद्दा वेगळा. पोटुशी बाई उपाशी आहे आणि झाडाचा रस पैशादोन पैशात मिळतो, एवढं समोर ठेवून त्यांनी काम केलं. आरेच्या दूध प्रकल्पालाही त्या सल्ला देत.

संस्थेच्या संचालकपदावर त्यांचा हक्क होता, पण अंतर्गत राजकारणात ते पद चार वर्षं त्यांच्यापासून लांब ठेवलं गेलं. म्हणजे बघा, बावीसाव्या वर्षी एक वर्ष उमेदवारी, आणि पुढं सगळं सिद्ध करून झाल्यावर आणखी चार वर्षं वाट. शेवटी त्या संचालक झाल्या.

१९६६ मध्ये मुंबईतल्या नऊ बायकांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहकांची संस्था काढली. कमलाबाई त्यांतल्या एक. वजनात मारतात, मिरचीपुडीत भेसळ करतात, तेलात काय मिसळतात, हे बाईला रोज कळत होतं आणि सिद्ध करता येत नव्हतं. आता केंब्रिजची डॉक्टर तिच्या बाजूनं उभी होती. संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात त्या लिहीत. १९८२-८३ मध्ये त्या अध्यक्ष होत्या.

थोरल्या दुर्गाबाई १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षस्थानावरून आणीबाणीविरुद्ध बोलल्या ते महाराष्ट्राला पाठ आहे. धाकटीचं नाव तितकं राहिलं नाही. कदाचित डाळीवर आणि दुधावर काम करणाऱ्या बाईचं काम आपल्याला ‘बाईचंच तर काम’ वाटलं असेल.

१९९८ मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं कमलाबाईंचा सत्कार ठेवला. त्या सत्याऐंशीच्या घरात होत्या, तरी मुंबईहून गेल्या. समारंभ चालू असतानाच त्या कोसळल्या, आणि थोड्याच दिवसांत गेल्या. एकोणसाठ वर्षांपूर्वी त्यांची पहिली नोकरी याच शहरात सुरू झाली होती.